शमुवेल शांतवन यास

खडकवस्ती, ता. माण
७ एप्रिल १९७४, झावळ्यांचा रविवार

चि. शमुवेल यास अक्काचा सलाम.

तुझा निरोप एस.टी.च्या कंडक्टरनं शाळेत येऊन सांगितला. कार्डं पाठवू नको, सांगलीच्या ऑफिसात चार जण वाचतात, असं तू म्हणालास. म्हणून हे बंद पत्र. वर पत्ता श्यामराव शांताराम ननावरे असाच घातला आहे, नाहीतर ते तुझ्यापर्यंत पोचायचं नाही. आत मात्र बाबांनी ठेवलेल्या नावानंच हाक मारीन. तेवढी मुभा मला दे.

बाबांना माती देऊन तीन महिने होत आले. त्या दिवशी तू आलास, पण दफनभूमीच्या बाहेर बाभळीखाली उभा राहिलास. तुझ्याबरोबर ऑफिसातले कोणी गृहस्थ होते. त्यांना काय सांगितलं होतंस? शेजारच्या गावचे ओळखीचे मास्तर वारले, असं? पेटी खाली सोडताना एक दोर बिराप्पाकाकांनी धरला. ती जागा तुझी होती. काका सत्तरीचे आहेत. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू घड्याळाकडे बघितलंस.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. लिहून झालं.

बाबांनी एकतीस वर्षं इथली उपासना चालवली. पाळकसाहेब साताऱ्याहून महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार आता मी चालवते. पाच घरं, अकरा माणसं. दुष्काळात जी मुंबईला गेली ती तिकडचीच झाली. आज झावळ्या कुठून आणायच्या, म्हणून कडुलिंबाच्या डहाळ्या घेतल्या. कधी अकराचे चार होतात. तरी एकाही गीताचं एक कडवं मी गाळत नाही. बाबा नेमाचे होते, मी हट्टाची आहे. दोन्हींत फरक आहे, तो मला कळतो.

तुझी मुलगी चालायला लागली का? तिचं नाव काय ठेवलंत, ते मला कोणी कळवलेलं नाही.

मार्था


खडकवस्ती
२३ जून १९७४

चि. शमुवेल,

तुझ्या हातचं पत्र आलं. उभ्या उभ्या तीनदा वाचलं. पहिलाच प्रश्न विचारलास तो हा, की निनावी अर्ज मी केला का. मी केला नाही.

तर कोणीतरी वर कळवलं आहे, की श्यामराव ननावरे जन्मानं ख्रिस्ती आहे, त्यानं हिंदू म्हणून जातीचा खोटा दाखला काढला आणि राखीव जागेवर कारकून लागला. आता चौकशीला माणूस इथं येणार. आणि तू म्हणतोस, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातलं माझं पान फाड, नाहीतर रजिस्टरच चुलीत घाल.

तू लिहितोस, आज्यानं बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं आपल्याला पाणवठ्यावर येऊ दिलं का? शाळेत दाराबाहेर बसवलं तेव्हा मी कोणाच्या लेखी ख्रिस्ती होतो? गावाच्या लेखी आपण जे होतो तेच राहिलो, वेगळे झालो ते फक्त सरकारच्या कागदावर. शमुवेल, हे अक्षर अन् अक्षर खरं आहे. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. बाबांकडेही नव्हतं. तू दाखला काढून आणलास तेव्हा ते गप्प बसले, ते त्यामुळेच. पण निवडीच्या यादीत तुझ्याखाली कोणाचंतरी नाव होतं. त्यालाही दाराबाहेर बसवलं असेल. त्याची जागा आपण घेतली, ह्याला तुझ्याकडे तरी उत्तर आहे का?

पान मी फाडणार नाही. त्यावर तुझ्या नावाच्या वर माझं नाव आहे, आणि खाली आपल्या धाकट्या रूथचं, जी दोन वर्षांची होऊन गेली. तिची जगात तेवढीच खूण आहे.

नोकरी गेली तर तुझी बायको शालू माहेरी निघून जाईल, असं लिहितोस. का जाईल? तिला काय माहीत आहे आणि काय नाही? मला खरं कळव.

मार्था


खडकवस्ती
१२ जुलै १९७४

शमुवेल,

कचेरीतले साहेब काल येऊन गेले. तुला हवं होतं तसं झालं. कसं झालं ते विचारू नको. पुन्हा ह्या विषयावर मला लिहू नको.

मार्था


खडकवस्ती
४ ऑगस्ट १९७४, रविवार

चि. शमुवेल,

तुझं आभाराचं पत्र मिळालं. 'प्रिय अक्का' असं तू मला कॉलेजात असताना लिहायचास, त्यानंतर आजच. फाईल बंद झाली, आता सुखानं झोप लागते, असं लिहिलं आहेस. मला लागत नाही. म्हणून काय झालं ते सगळं सांगते.

लालासाहेब म्हणून दहिवडीच्या कचेरीतले सर्कल इन्स्पेक्टर आले होते. सभ्य माणूस. मी त्यांना आपल्या प्रार्थनेच्या देवळातच बसवलं, चहा दिला. ज्या कपाटात रजिस्टर होतं त्याच कपाटाला त्यांची खुर्ची टेकली होती. त्यांनी विचारलं, रजिस्टर आहे का? मी म्हणाले, वाळवी लागली, जाळून टाकलं. हे मी ठरवलेलं नव्हतं. आदल्या रात्रीपर्यंत काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. तोंड उघडलं आणि ते वाक्य आलं, जसं काही कधीपासून तयार होतं. मग त्यांनी विचारलं, शमुवेल नावाचा भाऊ आहे का? मी म्हणाले, "मला एकच भाऊ आहे. श्यामराव."

त्यांनी जबाब लिहिला, वाचून दाखवला. मी खाली सही केली, मार्था शांतवन ननावरे, प्राथमिक शिक्षिका.

पुढच्या रविवारी मी उपासनेला उभी राहिले आणि आज्ञा वाचायला घेतल्या. खोट्या साक्षीची आज्ञा आली तिथं आवाज फुटेना. हरणाबाईला वाटलं मला घेरी आली. तिनं पाणी आणलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी आज्ञा गाळल्या. एक कडवंही न गाळणारी मी, दहाच्या दहा आज्ञा गाळून पुढे गेले, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. ते मला जास्त लागलं.

आज मी सगळ्यांसमोर सांगितलं, की सरकारी माणसाला मी खोटं सांगितलं, आणि मला हे चालवायचा अधिकार नाही. बिराप्पाकाका म्हणाले, अधिकार कुणालाच नसतो, पण जे मोडलं ते दुरुस्त करून ये. हरणाबाई मात्र चिडली. तू तिच्या मांडीवर वाढलास. ती म्हणाली, "तुज्या जिवाला बरं वाटावं म्हणून त्येच्या पोटावर पाय देतीस व्हय गं?"

ह्या प्रश्नानं मला दिवसभर धरून ठेवलं आहे. कारण त्यात तथ्य आहे. तुला अजून एक गोष्ट सांगायची राहिली. अर्ज मी केला नाही, हे खरं. पण बाबांना माती दिली त्या संध्याकाळी मी तसा कागद लिहायला घेतला होता. दोन ओळी लिहिल्या आणि चुलीत टाकला. तेव्हा माझ्या मनात सत्य वगैरे काही नव्हतं. तुला खाली खेचायचं होतं. म्हणून आज मी कचेरीत जाईन म्हणते तेव्हा त्यात तो राग किती आणि विश्वास किती, हे मला नीट सांगता येत नाही. राग निवायची वाट बघत बसले तर मी कधीच जाणार नाही, एवढं मात्र कळतं.

तर ऐक. सोमवारी, एकोणीस तारखेला, मी दहिवडीला जाऊन सांगणार आहे, की मी खोटा जबाब दिला, रजिस्टर आहे. ते मागतील तर दाखवीन. तोवर पंधरा दिवस आहेत. माझं खोटं माझं आहे, ते मी फेडीन. तुझं तू आधी जाऊन सांगितलंस तर ते तुझ्या तोंडून सांगितलेलं होईल. मला तेवढंच तुझ्यासाठी करता येतं. कमी आहे, हे मला माहीत आहे.

मार्था


खडकवस्ती
१५ ऑगस्ट १९७४

चि. शमुवेल,

तुझं पत्र काल मिळालं. 'एकोणीस तारखेला कचेरीत पाऊल टाकलंस तर तुला भाऊ नव्हता असं समज.' उलटून बघितलं, मागे काही नव्हतं.

आज शाळेत झेंडावंदन झालं आणि मुलांना खाऊ वाटत होते, तेवढ्यात फाटकाशी शालू उभी. कडेवर मूल. तुझ्या लग्नाला तू आम्हाला बोलावलं नव्हतंस, त्यामुळे मी तिला ओळखणार कशी? तिनंच विचारलं, "वन्सं तुमीच का?"

घरी आणलं. भाकरी खाल्ली, पोरीला दूधभात भरवला. मनू नाव ठेवलंय हे आज कळलं. तुझ्यासारखंच कपाळ आहे. मग शालूनं पोलक्यातून माझं चार तारखेचं पत्र काढलं. तुझ्या सदऱ्याच्या खिशात राहिलं होतं. अर्धं भिजलेलं, तिनं शेजारच्या बाईकडून वाचून घेतलं होतं.

ती म्हणाली, "तीन वर्सं ज्येच्या संगं संसार केला त्येचं नाव मला धुण्यात घावलं."

ती रडत नव्हती. ती तुला तसं काहीच बोललेली नाही, पत्र मिळाल्याचंही सांगितलेलं नाही. तासगावला माहेरी जाते म्हणून निघाली आणि इकडे आली. मला तिनं विचारलं, शमुवेल कोण? मी म्हणाले, ते त्यानं सांगायला हवं, पण तू विचारतेस तर मी आता खोटं बोलणार नाही. तिला तेवढंच पुरलं.

तिनं पत्राची घडी घालून पुन्हा पोलक्यात ठेवली. मला वाटलं, आता आपल्या घराण्याला नावं ठेवील, बाटलेले म्हणेल. ती म्हणाली, "तुमचा देव मला ठाव न्हाई, वन्सं. पर ज्यो बापाचं नाव बदलतो त्यो उद्या माजंबी बदलंल, ह्येचं भ्या वाटतं."

तू मला जाऊ नको असं सांगायला तिला पाठवलं नव्हतंस. पण ती तेच सांगायला आली होती. नोकरी गेली तर भाडं कुठून भरायचं, पोरीला काय घालायचं, हे सगळं तिनं वाटेत घोकून आणलं होतं. उठताना म्हणाली, काय सांगायला आले तेच आता सांगता येईना.

मी तिला विट्यापर्यंत सोडून आले. एव्हाना पोचली असेल. तिच्याशी बोल. माझ्याशी नको, हवं तर कधीच नको. पण तिच्याशी बोल.

सोमवारी मी जाणार आहे. रजिस्टर पिशवीत घालून ठेवलं आहे, आणि दोनदा काढून पुन्हा कपाटात ठेवलं आहे.

अक्का


खडकवस्ती
२० ऑगस्ट १९७४

शमुवेल,

काल आपण समोरासमोर होतो आणि चार वाक्यंही बोललो नाही. म्हणून लिहिते.

कचेरीच्या आवारात लिंबाखालच्या बाकावर तू बसला होतास. मला आधी वाटलं, मला अडवायला आलास. मनात म्हणाले, हात धरलास तर हिसका देईन. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. रात्री स्टँडवरच झोपलास का? तू उठून वाटेत उभा राहिलास आणि म्हणालास, "अक्का, तू आत जाऊ नको."

मी म्हणाले, मला जायला पाहिजे.

"तू तुझं सांगशील. माझं मी सांगतो. आधी मी जातो."

मी बाकावर बसले. सव्वा तास. आतून कोणाचातरी चढलेला आवाज येत होता, तुझा नव्हता. शिपाई दोनदा आत बाहेर गेला. मी प्रार्थना करायला हात जोडले, पण शब्द सुचेनात. नुसतं तुझं नाव घेत राहिले. लहानपणी संध्याकाळी जेवायला हाका मारायचे तसं.

तू बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा बाबांसारखा दिसत होता. हे तुला आवडणार नाही, पण दिसत होता. मी उठले, पिशवी उचलली, आणि तू माझ्या बाजूनं पुढे गेलास. थांबला नाहीस.

लालासाहेब माझ्यावर रागावले. म्हणाले, शिक्षिका असून सरकारला फसवलंत, खटला होऊ शकतो. मी म्हणाले, होऊ दे. त्यांनी रजिस्टर बघितलं. तुझ्या पानावर बोट ठेवून वाचलं, खाली रूथचंही वाचलं, आणि ही कोण म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं. मग नवीन जबाब लिहून घेतला. बाहेर आले तर तू नव्हतास. स्टँडवर शोधलं. सांगलीची गाडी गेली होती.

तुझ्याबद्दल त्यांनी एकच वाक्य सांगितलं. ते म्हणाले, चार वर्षं हे काम करतो आहे, स्वतःहून आलेला हा पहिला.

तुझी
अक्का


खडकवस्ती
२ डिसेंबर १९७४

चि. शमुवेल,

तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. शालूनं शेजारच्या बाईकडून लिहवून घेऊन कळवलं तेव्हा समजलं. दिवाळीच्या आधीच तुला कमी केलं. खटला केला नाही, स्वतःहून सांगितल्यामुळे. आता हळदीच्या पेठेत पोती मोजायला जातोस, संध्याकाळी घरी येतोस ते डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत पिवळा होऊन, आणि भिंतीकडे तोंड करून पडतोस. शालू माहेरी गेलेली नाही. हेही तिनंच लिहवलं आहे, आणि 'जाणार नाही' असं खाली दुसऱ्यांदा लिहवलं आहे.

मला मिळाली ती लेखी ताकीद आणि सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा. तुझी नोकरी आणि माझा शेरा. वाटणी सारखी झाली नाही. हरणाबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. उपासनेला येते, मागे बसते, संपली की उठून जाते. तरी एकदाही चुकली नाही. मीही चुकले नाही. सोपं होतं असं समजू नको. खऱ्यानं चालल्यावर मन हलकं होतं असं बाबा सांगायचे. माझं झालं नाही. मी रोज सकाळी उठते आणि तुझं घर आठवतं.

म्हणून ठरवलं आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. बाराच्या गाडीनं निघाले की चारपर्यंत सांगलीत. सहाची शेवटची गाडी मला धरावी लागते, कारण रविवारी उपासना. मधले दोन तास माझे आहेत. सात तारखेला येते. तू दार उघडलं नाहीस तर मी पायरीवर बसेन आणि वेळ झाली की उठून जाईन. भांडायला येत नाही, समजवायला येत नाही, देवळात चल म्हणायला तर मुळीच नाही. पुढच्या शनिवारीही येईन. त्याच्या पुढच्याही. तू मला भाऊ नव्हता असं समज म्हणालास. प्रयत्न करून बघितला, जमलं नाही.

अक्का


खडकवस्ती
५ जानेवारी १९७५, रविवार

चि. शमुवेल,

उपासना आटोपून लगेच लिहायला बसले आहे. आज अकराच्या अकरा आले होते. थंडी फार, म्हणून आत शेगडी ठेवली होती.

पहिल्या शनिवारी तू दार लावून घेतलंस. शालूनं खिडकीतून पाणी दिलं. दुसऱ्या शनिवारी तू घरातच नव्हतास, मी येणार म्हणून मुद्दाम बाहेर गेलास असं मनू सांगून गेली. तिला काय कळतंय, 'आबा भुर्र' म्हणाली. तिसऱ्या शनिवारी मी बसले होते आणि तू मला ओलांडून आत गेलास. तुझ्या पायजम्याची हळद माझ्या पदराला लागली. ती अजून निघाली नाही. चौथ्या शनिवारी मला ताप होता. हरणाबाई म्हणाली, आज राहू दे. मग माझं तोंड बघितलं आणि स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून माझ्या खांद्यावर टाकली. चार महिन्यांत ती माझ्याशी तेवढंच बोलली. ती घोंगडी पांघरून मी तुझ्या पायरीवर बसले.

आणि काल. तू बाहेर आलास, पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसलास आणि तंबाखू मळत राहिलास. कधीपासून खायला लागलास? मी विचारलं नाही. एवढा वेळ आपण लहानपणीसुद्धा भांडल्याशिवाय बसलो नव्हतो. साडेपाचला मी उठले तर तूही उठलास आणि माझ्या मागे चार पावलं ठेवून स्टँडपर्यंत चालत आलास. गाडी लागली होती. मी खिडकीशी बसले. तू खाली उभा, माझ्याकडे न बघता गाडीच्या चाकाकडे बघत. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा म्हणालास,

"पुढच्या शनिवारी मालकाला सांगून चारला सुटतो. तू आलीस की आत बस. पायरीवर बसू नको. लोक बघतात."

गाडीच्या आवाजात मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र. शनिवारी येते. आत बसेन.

अक्का